कृतज्ञतेने उभारलेले घर : केडगावचे पंडिता रमाबाई मुक्ती मिशन

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव नावाचे लहान स्थानक लागते. तिथून जवळच पंडिता रमाबाई मुक्ती मिशनचे विस्तीर्ण आवार आहे. निराधार मुली, घराबाहेर काढलेल्या विधवा, अंध स्त्रिया आणि टाकून दिलेली बाळे यांच्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हे घर उभे राहिले. त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली आणि काम अजून चालू आहे. शिरूर आणि दौंड भागातील ख्रिस्ती सेवेचा इतिहास लिहायचा तर या घराची कहाणी सविस्तर सांगितलीच पाहिजे.

संस्थेच्या इतिहासात सन, इमारती आणि माणसांची नावे यायचीच. तीही इथे आहेत. पण मुक्तीच्या इतिहासाचे सूत्र अगदी थोडक्यात सांगता येते: जिला वाचवले, ती दुसरीला वाचवायला निघाली. उपकारस्तुती करायची म्हणजे काय करायचे, याचे उत्तर या घरातल्या बायकांनी आपल्या हातांनी दिले. त्या उत्तराची ही नोंद आहे.

भीमेच्या दोन्ही काठांवर

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. आज दोन्ही काठांवर ऊस उभा असतो. दीडशे वर्षांपूर्वी मात्र हा मुलूख अवर्षणाचा आणि कर्जाचा होता. आजच्या दौंड तालुक्याचा भाग तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे. १८७५ साली सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा जो उद्रेक झाला तो त्याच तालुक्यातील सुप्याला सुरू झाला आणि शिरूरकडेही पसरला. त्याच्या पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला.

घोडनदीकाठच्या शिरूरला इंग्रजी फौजेची जुनी छावणी होती. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला काम सुरू केले आणि पुढे १८४० च्या दशकात शिरूरला ठाणे उभारले. खेड्यांतून शाळा, रविवारची उपासना आणि पुढच्या काळात मुलांना धंदा शिकवणारी उद्योगशाळा असे तिथल्या कामाचे स्वरूप होते. रेव्हरंड रिचर्ड विन्सर यांचे नाव शिरूरच्या या कामाशी कायमचे जोडले गेले आहे. अक्षरओळख, हाताला काम आणि सुवार्ता या तिन्ही गोष्टी भीमेच्या उत्तरेला अशा एकत्र नांदत होत्या. दक्षिणेच्या काठाकडे, केडगावला, त्या तिन्ही गोष्टी एका मराठी बाईने वेगळ्या वाटेने आणल्या आणि त्यांचा पसारा कोणी कल्पिला नव्हता इतका वाढवला.

दुष्काळातून वाचलेली मुलगी

रमाबाई डोंगरे यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना स्वजनांचा रोष सोसावा लागला. आईने मुलीला शिकवले. पुराणे सांगत तीर्थे हिंडणाऱ्या या कुटुंबाला १८७४ पासूनच्या दुष्काळाने गाठले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. रानातला पाला खाऊन, अनवाणी चालत रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढे जगले. दोघे पायी देश हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

पुढची चार वर्षे सुखदुःखाने गच्च भरली होती. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ साली मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. त्या वर्षी रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापला, 'स्त्रीधर्मनीती' लिहिले आणि शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हव्यात अशी साक्ष दिली.

१८८३ साली त्या इंग्लंडला वाँटेजच्या सेंट मेरी भगिनीसंघाकडे गेल्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅमचे आश्रयघर दाखवले. समाजाने ज्यांना पतित ठरवले त्या बायकांना तिथे मायेने वागवले जात होते. असे का करता, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. ख्रिस्ताने त्या बाईशी जे वर्तन केले, ते त्यांच्या मनाला भिडले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. रमाबाईंच्या विश्वासाचे बीज असे एका सेवेच्या घरात पडले, हे ध्यानात ठेवले म्हणजे केडगावचे सारे काम समजते.

शारदा सदन

१८८६ साली तिथे वैद्यक शिकलेल्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. १८८७ साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दशेवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच वर्षी बोस्टनला त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदतीचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले.

सदनात धर्माचे शिक्षण द्यायचे नाही, मुलींनी आपापले आचार पाळायचे, असा नियम होता आणि रमाबाईंनी तो पाळला. त्या आपल्या खोलीत बायबल वाचत, प्रार्थना करत, आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. त्यावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ झाले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. या वादातून संस्थेने पुढे एक धडा घेतला. आपण ख्रिस्ती आहोत हे लपवायचे नाही, नाव आणि हेतू उघड सांगायचे, मग ज्यांना यायचे ते येतील. केडगावचे काम त्यामुळे पहिल्या दिवसापासून उघडपणे ख्रिस्ती राहिले.

शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. १८९३ साली त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. पण सदनात मिळालेले शिक्षण आणि धीर त्यांनी कर्वे यांच्या हिंगण्याच्या विधवागृहासाठी वेचला, वर्गणी गोळा करत दारोदार हिंडल्या. रमाबाईंच्या घरातून गेलेले देणे असे धर्माच्या पलीकडेही पोचले. याची नोंद अभिमानाने केली पाहिजे.

केडगावची जमीन

बोस्टनच्या मंडळाने वचन दिलेली मुदत संपल्यावर काम कशावर चालणार, ही चिंता रमाबाईंना होती. म्हणून १८९५ च्या सुमारास त्यांनी केडगावला रेल्वेलगत सुमारे १०० एकर जमीन घेतली. विहिरी खणल्या आणि संत्री, लिंबे, आंबे यांची झाडे लावली. फळबागेच्या उत्पन्नावर पुढे सदन चालेल, असा हा हिशेब होता. रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र वाचले होते. कोणापुढे हात न पसरता, प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथांना सांभाळणारा तो माणूस त्यांना गुरुस्थानी होता. तरीही त्यांची प्रार्थना आणि विहिरीचे खणकाम बरोबरीने चालले. देवावर भार टाकणे आणि स्वतः कष्ट करणे यांत त्यांना विरोध दिसत नव्हता.

या जमिनीला फळे धरायला वेळ मिळण्याआधीच माणसे येऊन पोचली.

दोन दुष्काळ

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचताना रमाबाईंना स्वतःचे बालपण आठवले. आपण वीस वर्षांपूर्वी त्याच उपासमारीतून जिवंत सुटलो, तर आज तिथे गेल्यावाचून राहायचे कसे, या विचाराने त्या उठल्या आणि गेल्या. मदतछावण्यांत तरुण मुलींना दलाल फसवून नेत होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. सुमारे ३०० मुली आणि विधवा त्यांनी बरोबर आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला आणि इतक्या मुलींना शहरात ठेवता येईना. केडगावच्या माळावर झोपड्या आणि तंबू ठोकून त्यांची सोय झाली. प्लेगच्या दवाखान्यात आणि छावणीत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी १८९७ साली 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून सरकारलाही सुनावले. निराधारांसाठी कष्टायचे आणि त्यांच्यासाठी बोलायचेही, हे दोन्ही त्यांनी आपले काम मानले.

१८९८ साली केडगावच्या पहिल्या पक्क्या इमारती उभ्या राहिल्या आणि घराला 'मुक्ती' हे नाव मिळाले. १८९९ साली उपासनामंदिराचा पाया घातला गेला.

१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा मुक्तीची माणसे तिकडे धावली आणि शेकड्यांनी मुली घेऊन आली. हाडांचे सापळे झालेल्या त्या मुलींना खाऊ घालणे, त्यांच्या जखमा धुणे, रात्री जागवणे हे काम कोणी केले? तीन वर्षांपूर्वी मध्य प्रांतातून त्याच दशेत आलेल्या मुलींनी. त्या आता धडधाकट झाल्या होत्या, काही वाचायला शिकल्या होत्या. एकेकीकडे नव्या मुलींचा गट सोपवला गेला. आपल्याला ज्या हातांनी पाणी पाजले तेच हात आता आपले झाले पाहिजेत, ही शिकवण तिथे कोणी फळ्यावर लिहून दिली नव्हती. घराची रोजची रीतच तशी होती. १९०० च्या सुमारास मुक्तीत दीड हजारांहून अधिक माणसे राहत होती.

सदने आणि उद्योग

गरजेनुसार एकेक घर वाढत गेले. मूळचे शारदा सदन शिक्षणासाठी केडगावलाच आले. फसवल्या गेलेल्या आणि वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या आणि आजारी बायकांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन निघाले. अंध स्त्रियांच्या घराला ख्रिस्ताने दृष्टी दिलेल्या बार्तीमयाच्या नावावरून बार्तिमी सदन म्हणत. मनोरमाबाई परदेशातून ब्रेल शिकून आल्या होत्या आणि त्यांनी अंध बायकांना बोटांनी वाचायला शिकवले. ज्यांना घरच्यांनी ओझे मानले, त्या आता इतरांना वचने वाचून दाखवू लागल्या.

शेती, गुरे, विणकाम, शिवण, तेलघाणा, धुलाई, छापखाना, दवाखाना असे घरातले उद्योग होते. दिवसाचा काही वेळ शाळेत आणि काही वेळ कामात जाई. ज्या मुलीला पुढे कोणी आधार देईल याची खात्री नाही, तिच्या हाताला काम असलेच पाहिजे, हा रमाबाईंचा आग्रह होता. सहकारीही तसेच मिळाले. अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी मिनी एब्रम्स १८९८ साली येऊन कामात सामील झाल्या. सुंदराबाई पवार यांनी पुण्यातून साथ दिली. मनोरमाबाईंनी शाळेची धुरा वाहिली आणि पुढे गुलबर्ग्यालाही शाळा उभारली.

साक्ष

सेवा झाली, पण विश्वासाचे काय? मुक्तीने हा प्रश्न टाळला नाही. १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र येऊन जागृतीसाठी प्रार्थना करायला सांगितले. थोड्या मुलींपासून सुरू झालेला तो मेळावा शेकड्यांवर गेला. जूनमध्ये त्यांनी विचारले की अभ्यास बाजूला ठेवून आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला कोण जाईल? तीस तरुणी पुढे आल्या. जूनच्या अखेरीस या मुलींत जी आत्मिक जागृती झाली, तिची बातमी 'मुक्ती प्रेयर बेल' या नियतकालिकातून आणि पत्रांतून जगभरच्या ख्रिस्ती लोकांत पोचली.

परदेशात या जागृतीची चर्चा पुष्कळ झाली. आपल्या भागासाठी तिचे मोल आणखी एका कारणाने मोठे आहे. गावात सुवार्ता घेऊन येणाऱ्या या बायका कोण होत्या, हे केडगावच्या आसपासचे लोक जाणत होते. उपाशी आलेली, अक्षर न येणारी, विटाळ मानून दूर ठेवलेली मुलगी आता पुस्तक हातात घेऊन ओट्यावर बसून बोलत होती. तिचे जगणे हीच तिची साक्ष होती. तिच्या मागे फौज नव्हती, पैसा नव्हता, सरकारी अधिकारही नव्हता. ऐकणाऱ्याला उठून जाता येत होते आणि कित्येक जण उठून गेलेही असतील. विश्वास वाटायचा तर असाच वाटला पाहिजे. देणाऱ्याने आपल्याला काय मिळाले ते मोकळेपणी सांगावे, आणि घेणाऱ्याला नाही म्हणण्याची पूर्ण मुभा असावी. भाकरीच्या मोबदल्यात विश्वास मागितला तर ती कृतज्ञता राहत नाही, तो सौदा होतो. १८९३ च्या वादळातून गेलेल्या संस्थेला ही सीमारेषा ठाऊक असणे अगत्याचे होते आणि आज आपणही ती तितकीच जपली पाहिजे.

सोप्या मराठीतले बायबल

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम म्हणजे संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असल्याने शिकायला लागलेल्या खेड्यातल्या बाईला ते उमगत नाही, असे त्यांना वाटे. स्वतः संस्कृताच्या पंडिता असूनही त्यांनी सोपी बोली निवडली. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून भाषांतर केले. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणे, छापणे, बांधणी ही सारी कामे मुलींनी केली. जिला काही वर्षांपूर्वी अक्षर येत नव्हते, तिने बायबलचे पान जुळवावे, यापेक्षा मोठी उपकारस्तुती कोणती असेल?

या काळातच त्यांच्यावर घाव पडला. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. ज्या मुलीच्या हाती काम सोपवायचे ती आधी गेली. रमाबाई भाषांतर करत राहिल्या, ते पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर आले. रमाबाईंची कबर मुक्तीच्या दफनभूमीत आहे. सरकारने १९१९ साली त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले होते आणि १९८९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले.

रमाबाईंनंतर

रमाबाईंनी आपल्या पश्चात जबाबदारी लिसा हेस्टी यांच्याकडे सोपवली. पुढे परदेशी आणि भारतीय सेविकांच्या पिढ्यांनी घर चालवले आणि काळाबरोबर कारभार भारतीय हातांत आला. दुष्काळाच्या छावण्या गेल्या, पण निराधारपणाने फक्त रूप बदलले. टाकलेली मुलगी, नवऱ्याने सोडलेली बाई, मनाने खचलेली, दृष्टी नसलेली, म्हातारपणी कोणी नसलेली अशा सगळ्यांना मुक्तीने जागा दिली. मुलींना मोठ्या वसतिगृहात कोंबण्याऐवजी फुलांची नावे दिलेल्या छोट्या कुटुंबांत, एका आईच्या देखरेखीखाली वाढवण्याची पद्धत इथे रुजली. शाळा आणि रुग्णालयाचा लाभ आसपासच्या गावांनाही झाला. इथे वाढलेल्या कित्येक मुली परिचारिका, शिक्षिका झाल्या, संसाराला लागल्या, आणि काही याच घरात सेविका म्हणून परतल्या.

आपले देणे

शिरूर आणि दौंडच्या मंडळ्यांनी या इतिहासाकडे कौतुकाने पाहणे पुरेसे नाही. हंगाम आला की आपण ज्वारीची कणसे, ऊस, भाजीपाला वेदीपुढे ठेवतो, अर्पण देतो, गाणी गातो. ते योग्यच आहे. पण ख्रिस्ताने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांतला जो एकटा आभार मानायला परत आला, त्याच्या पुढच्या आयुष्याचा विचार आपण क्वचित करतो. मुक्तीच्या बायकांनी तो विचार केला. परत येऊन पाया पडल्यावर पुढे काय करायचे, तर आपल्यासारख्या दुसरीला शोधायला जायचे, असे त्यांनी ठरवले आणि तसे त्या जगल्या.

आज आपल्या तालुक्यांत पाणी आले, कारखाने आले, रांजणगावला उद्योग आले. त्यांच्यामागोमाग ऊसतोडीला आणि मजुरीला आलेली कुटुंबेही आली, ज्यांच्या लेकरांची शाळा दर हंगामाला तुटते. आजारात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या बायका जवळजवळ प्रत्येक गावात आहेत. प्रत्येक मंडळीने यांतले एक काम निवडावे. एका मजूरवस्तीवर संध्याकाळचा अभ्यासवर्ग, एका एकाकी आजीची औषधे आणि विचारपूस, संस्थेतून बाहेर पडलेल्या एका मुलीच्या प्रशिक्षणाची फी, तिला पहिली नोकरी आणि माहेर म्हणून यायला एक घर. हे सारे आपल्या आवाक्यातले आहे. कोणी विचारले की हे का करता, तर संकोच न करता सांगावे, की आम्हालाही असेच कोणीतरी वाचवले. ते ऐकून कोणी आपल्यासोबत प्रार्थनेला बसेल, कोणी बसणार नाही. काम मात्र दोघांसाठीही सारखेच करायचे. रमाबाईंच्या घराने सव्वाशे वर्षे जे सिद्ध केले, त्याचा पुढचा भाग लिहिण्याची पाळी आता आपल्या मंडळ्यांची आहे.